घटस्फोट होतोय, गृहकर्ज दोघांच्या नावावर : हप्ता कुणाच्या गळ्यात?

रानजाई
सोमवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे. थेट मुद्द्यावर येते.

आम्ही दोघं परस्परसंमतीने वेगळे होतोय. मूल नाही. मला नोकरी आहे, पोटगी मागत नाहीये. भांडायचं होतं ते भांडून झालं, आता उरलीत ती कर्जं.

वाकडला टू बीएचके आहे. फ्लॅट दोघांच्या नावावर, गृहकर्जही दोघांच्या नावावर, बाकी साधारण ४६ लाख. बिल्डिंगमधले अलीकडचे व्यवहार बघता किंमत ८५ लाखांच्या घरात. तो तिथे राहतो, मी कोथरूडला भाड्याने. हप्ता माझ्या पगारखात्यातून कापला जातो आणि निम्मे पैसे तो मला पाठवतो. म्हणजे पाठवायचा. हल्ली आठवण करावी लागते.

इंटिरियरसाठी काढलेलं पर्सनल लोन, बाकी ६ लाख, फक्त माझ्या नावावर, कारण तेव्हा माझा सिबिल स्कोअर चांगला होता. लग्नात आईबाबांनी घातलेले माझे दागिने त्याच्या भावाच्या धंद्यासाठी गहाण पडलेत, गोल्ड लोनची पावती त्याच्या नावावर. शिवाय माझ्या क्रेडिट कार्डावर त्याला दिलेलं अ‍ॅड-ऑन कार्ड आहे.

वकिलांनी मसुदा पाठवलाय, त्यात एवढी एकच ओळ : 'सदर सदनिका पतीकडे राहील व त्यावरील कर्जाची संपूर्ण जबाबदारी पतीची राहील.' सही करणारच होते, तेवढ्यात ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, बँकेला विचारलंस का? आता कोर्टाने लिहून दिल्यावर बँक नाही कशी म्हणेल?

कट्टेकरीण
सोमवार, रात्री १०.०५

मैत्रिणीला जेवायला घाला. सही करू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

काळाकोट
सोमवार, रात्री ११.२०

रानजाई, कौटुंबिक न्यायालयात काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमच्या वकिलांना डावलून यातलं काही करू नका, फक्त हे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात नवरा-बायकोची म्हणून सामाईक मालमत्ता असा प्रकारच नाही. ज्याच्या नावावर त्याचं. कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून मिळालेल्या चीजवस्तूंपुरतं. कर्जाच्या वाटणीचं कलम शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. मग उरते ती कागदावरची सही. कर्ज संसारासाठी काढलं की सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी, कर्ज देणाऱ्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं.

दोघांची सही असेल तर १८७२ चा करार कायदा लागतो. त्याचं कलम ४३ असं की धनको (म्हणजे कर्ज देणारा) दोघांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. निम्मी नव्हे, पूर्ण. ज्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलं त्याने मग दुसऱ्याकडून वसूल करायचं, आणि वेगळं ठरलं नसेल तर वाटा समसमान. 'मी माझे निम्मे भरले, आता त्याला पकडा' हे बँकेच्या काउंटरवर चालत नाही.

आता तुमची ती ओळ. ती खोटी नाही, पण ती तुम्हा दोघांतली आहे. घटस्फोटाच्या अर्जात पक्षकार तुम्ही दोघं. बँक तिथे नसते, तिचं म्हणणं कुणी ऐकलेलं नसतं, म्हणून तो हुकूमनामा तिला बांधत नाही. त्याने हप्ते थकवले की बँक तुमच्या दारात. तुम्ही भरायचे आणि मग ती ओळ घेऊन त्याच्यावर दरखास्त (हुकूमनामा अमलात आणायचा अर्ज) लावायची. दरखास्त म्हणजे काय प्रकरण असतं ते ज्यांनी लावलीये त्यांना विचारा.

म्हणून क्रम उलटा करा. आधी बँक, मग कोर्टाची शेवटची तारीख. कलम १३-ब (परस्परसंमतीचा घटस्फोट) खाली पहिल्या आणि दुसऱ्या मोशनमध्ये, म्हणजे अर्ज दाखल करणं आणि नंतर दोघांनी तो पुन्हा पक्का करणं यांत, सहा महिने असतात. २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की योग्य प्रकरणात हे सहा महिने माफ करता येतात, तेव्हापासून जो येतो तो माफीचा अर्ज घेऊनच. ज्यांच्यामध्ये गृहकर्ज आहे त्यांनी ही घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तेवढाच काळ तुमच्या हातात असतो. निकाल होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलंय. निकाल लागला की समोरच्याला बँकेत जायची काही निकड राहत नाही.

शाखेतून
मंगळवार, सकाळी ८.१५

काळाकोटांना अनुमोदन. बँकेच्या बाजूने लिहितो, गृहकर्जाच्या टेबलावर बसतो.

लोक डिक्रीची (कोर्टाच्या हुकूमनाम्याची) प्रमाणित प्रत पुढे ठेवतात आणि म्हणतात, माझं नाव काढा. तसं नाव 'काढता' येत नाही हो. तुमच्या दोघांच्या पगाराकडे बघून आम्ही ४६ लाख सोडलेत. एक पगार वजा झाला की उरलेला माणूस एवढं कर्ज पेलू शकतो का, हे नव्याने तपासावं लागतं : पगारपत्रकं, सिबिल, त्याचे बाकीचे हप्ते, निवृत्तीला किती वर्षं राहिली, सगळं. बसलं तर नवा करार होतो. नाही बसलं तर दुसरा कमावता सहकर्जदार आणा म्हणतो, बहुतेक वेळा आई, वडील किंवा भाऊ. तेही नसेल तर आमच्याकडून नकार.

दुसरी गाठ अशी की जो मालक तो कर्जदार हवाच, हा आमचा नियम. म्हणजे फ्लॅटवर तुमचं नाव असेपर्यंत कर्जातून तुम्हाला सोडणार नाही, आणि फ्लॅट आमच्याकडे गहाण असेपर्यंत हक्कसोड (आपला हिस्सा दुसऱ्याला सोडून देणं) आमच्या संमतीशिवाय करता येणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच दमात कराव्या लागतात. माजी नवऱ्याने दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर कर्ज हलवलं तर काम सोपं होतं. तुमचं खातं बंद, नवा करार त्याचा एकट्याचा. फ्लोटिंग व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, तेव्हा त्या भीतीने थांबू नका.

आणि सिबिल. खात्यावर थकबाकी दिसली की ती दोघांच्या रिपोर्टात दिसते. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जात जमा. तुम्ही उद्या एकटीच्या नावावर घर घ्यायला गेलात तर हे ४६ लाख तुमच्याच अंगावर मोजले जाणार, मग ते कोण का भरत असेना.

सडेतोड
मंगळवार, दुपारी १२.३०

छान चाललंय. फ्लॅट दोघांचा, पण कर्ज मात्र पुरुषाने एकट्याने उचलावं अशी चर्चा. माझ्या केसमध्ये मी हप्ता भरतो, ती फ्लॅटमध्ये राहते, मी मेसमध्ये जेवतो. वर पोटगी ठरवताना कोर्ट म्हणतं, हप्ता तुमचा तुम्ही बघा. पगारातून हप्ता वजा केला तर हातात काय उरतं हे कुणी बघत नाही.

कट्टेकरीण
मंगळवार, दुपारी १२.४१

सडेतोड, धागा नीट वाचा. फ्लॅट त्याच्याकडेच राहतोय. आणि हप्ता तिच्या खात्यातून जातोय.

काळाकोट
मंगळवार, दुपारी २.१०

सडेतोड, तुमचा राग समजतो, पण दोन गोष्टी वेगळ्या करू.

पोटगी ठरवताना पगारातून कर, पीएफ अशा सक्तीच्या कपाती वजा होतात. स्वतःहून काढलेल्या कर्जाचे हप्ते कोर्टं सहसा वजा करत नाहीत, कारण तसं केलं तर नोटीस मिळाल्यावर गाडी घ्यायची आणि हप्ता दाखवायचा, ही पळवाट सगळ्यांनाच सापडेल. सापडलेलीच आहे. पण ज्या घरात बायको राहते त्याच घराचा हप्ता तुम्ही भरत असाल तर तो वेगळा मुद्दा. ते पैसे तिच्या निवाऱ्यावरच खर्च होतात. हे तुमच्या वकिलांनी हिशेबासकट मांडलंय का? नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात कर्जांचा रकाना आहे. लोक तो 'लागू नाही' लिहून सोडतात किंवा नुसता आकडा टाकतात. कर्ज कधी काढलं, कशासाठी काढलं, सोबत खातेउतारा, एवढं जोडलं तर न्यायाधीश बघतात.

उलट बाजूही सांगतो. डिसेंबर २०२४ मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की पोटगीची थकबाकी नवऱ्याच्या बँकांच्या देण्याच्याही आधी येते, गहाणदार बँकेच्याही. 'मी कर्जात बुडालोय' हे उत्तर त्यामुळे पूर्वीइतकं चालत नाही.

हिशेबनीस
मंगळवार, सायंकाळी ७.००

कायदा तुम्ही बघा, मी आकडे मांडतो.

फ्लॅट ८५, कर्ज ४६, म्हणजे घरात अडकलेला दोघांचा पैसा ३९ लाख. निम्मे साडेएकोणीस. पर्सनल लोनचे ६ लाख याच घराच्या फर्निचरवर गेले, म्हणजे न्यायाने त्यातले ३ त्याचे. फ्लॅट त्याला ठेवायचा असेल तर त्याने रानजाईंना साडेबावीस लाख द्यावेत, त्यातून त्या ६ लाखांचं कर्ज मिटवतील, हातात साडेसोळा.

त्याच्याकडे रोकड नसेल तर ४६ अधिक साडेबावीस, असं साडेअडुसष्ट लाखांचं नवं कर्ज लागेल. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ५९,५०० रुपये. एकट्याच्या पगारात बसतो का ते त्यानेच बघावं.

विकला तर? ८५ मधून ४६ गेले, ६ गेले, उरलेल्या ३३ चे निम्मे, म्हणजे पुन्हा साडेसोळाच. रानजाईंना दोन्ही वाटा सारख्या, फक्त विकण्यात बँकेची कटकट कायमची संपते. तुमच्या मसुद्यात मात्र हे साडेसोळा लाख कुठेच दिसत नाहीत. फ्लॅट त्याचा, कर्ज त्याचं, आणि तुम्ही आजवर भरलेले हप्ते?

(खरंच निम्मं-निम्मं भरलं असेल असं धरून. डाउन पेमेंट कुणी किती केलं ते लिहा, मग नीट मांडतो.)

रानजाई
मंगळवार, रात्री १०.१५

हिशेबनीस, डाउन पेमेंट जवळपास सारखंच होतं. 'मसुद्यात कुठेच दिसत नाहीत' वाचून पोटात खड्डा पडला. पोटगी नको म्हणताना मी घरातला वाटाही नको म्हणून बसले होते, असा त्याचा अर्थ होतो का?

काळाकोट
मंगळवार, रात्री १०.५०

होतो. बहुतेक मसुद्यांत शेवटी एक वाक्य असतं, 'उभयतांचा एकमेकांविरुद्ध कोणताही हक्क, दावा शिल्लक राहिलेला नाही'. त्याखाली सही केलीत की घर, फर्निचर, दागिने, सगळंच त्यात गेलं. पोटगी नाकारणं वेगळं आणि स्वतःच्या नावावरच्या फ्लॅटमधला हिस्सा सोडणं वेगळं. ते दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत, आकड्यांसह लिहून घ्या.

हक्कसोडीबद्दलही सांगून ठेवतो. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला किंवा बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, स्थानिक अधिभार आणि नोंदणी वेगळी. पण ही सवलत नवरा-बायको असेपर्यंत. डिक्रीनंतर तुम्ही कायद्याने परके. आणि पैसे घेऊन हिस्सा सोडताय तर ते बक्षीस नव्हे, त्यावर हिश्श्याच्या किमतीप्रमाणे शुल्क लागू शकतं. म्हणून दस्त कोणता, कोणत्या तारखेला, हे आधी ठरवा.

शेवंती
बुधवार, पहाटे ५.४०

हा धागा वाचून झोप उडाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, सातारा जिल्हा. मिस्टरांनी पतसंस्थेतून धंद्याला कर्ज काढलं तेव्हा जामीनदार म्हणून माझी सही घेतली. सरकारी पगार म्हणून जामीन चालला. आता कोर्टातून वेगळे झालो, ते कर्ज भरत नाहीत, आणि पतसंस्थेचं पत्र थेट माझ्या कार्यालयात आलंय. पगारातून कापणार म्हणतात. मी सहकर्जदार नाही हो, एक रुपया वापरला नाही. आधी त्यांची मालमत्ता बघा, त्यांची जीप आहे, असं सांगता येत नाही का?

काळाकोट
बुधवार, सकाळी ९.३०

शेवंतीताई, वाईट बातमी आधी. करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याची जीप विका, मग माझ्याकडे या, असा क्रम कायद्यात नाही. पतसंस्थेला माहीत असतं की जीप शोधण्यापेक्षा शिक्षिकेचा पगार सोपा. सहकारी संस्था अधिनियम १९६० मध्ये कलम ४९ पगारातून कपातीचं आहे, पण त्याला तुम्ही तसा लेखी करार करून दिलेला असावा लागतो. कलम १०१ खाली सहकार खात्याच्या निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळतो, तो आधी मिळवलाय का?

म्हणजे तीन कागद मागा : कपातीला संमती देणारा करार तुमच्या सहीचा आहे का, १०१ चा दाखला आहे का, आणि खातेउतारा. दाखल्याच्या सुनावणीची नोटीस तुम्हाला मिळालीच नसेल तर तिथे भांडायला जागा आहे. कार्यालयाला लेखी कळवा की या कागदांच्या प्रती मिळेपर्यंत कपात करू नये.

आणि जे कापलं जाईल ते व्याजासकट माजी नवऱ्याकडून मागायचा हक्क तुम्हाला आहे, कलम १४५. मुदत तीन वर्षं, तुम्ही पैसे भरले त्या तारखेपासून. प्रत्येक कपातीची पगारचिठ्ठी जपून ठेवा. घटस्फोटाच्या कागदात 'दावा शिल्लक नाही' लिहून दिलं असेल तर मात्र तो कागद आधी मला वाचायला लागेल.

शाखेतून
बुधवार, सकाळी १०.००

शेवंतीताई, कर्जाला नूतनीकरण असेल (कॅश क्रेडिट, ओव्हरड्राफ्ट वगैरे) तर आजच लेखी कळवा की यापुढच्या उचलीला माझा जामीन नाही. आधीच्या बाकीतून सुटका नाही, पण पुढचा खड्डा तरी तुमच्या नावावर पडणार नाही.

माळरान
बुधवार, रात्री ९.२०

शहरातल्या फ्लॅटवर बरंच लिहून झालं, थोडं आमच्याकडचं. बीड जिल्ह्यात बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या गटासोबत फिरतो.

इथे कर्ज कायम बाईच्या नावावर. मायक्रोफायनान्सवाले पुरुषाला देतच नाहीत. गटातल्या बायका एकमेकींना जामीन, पैसा नवऱ्याच्या मोटारसायकलला किंवा बोअरला. बाई माहेरी निघून आली की मोटारसायकल तिकडे आणि आठवड्याचा हप्ता इकडे. गटातल्या बाकीच्या बायका तिच्या आईच्या दारात येऊन बसतात, कारण तिचा हप्ता चुकला तर त्यांच्यावर येतो. कोर्टकचेरी तर लांबच, यातल्या कितीतरी जणींचा काडीमोड फक्त भावकीच्या बैठकीत झालेला असतो. त्या बैठकीत भांडी, कपाट, पलंग मोजतात. कर्ज कुणी मोजत नाही. आता आम्ही बैठकीला गेलो की आधी कर्जाची कार्डं मांडायला लावतो. पैसा कशात गेला ते सगळ्या गावाला माहीत असतं, तिथे कुणी खोटं बोलत नाही. मोटारसायकल ज्याची त्याने उरलेले हप्ते द्यायचे, असं दोन पंचांसमोर लिहून घेतो.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आहेत ते माहीत असू द्या. वसुलीला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना छळायचं नाही. वसुली ठरलेल्या ठिकाणीच. बाई तिथे लागोपाठ दोनदा आली नाही तरच घरी जायचं. हे सांगितलं की वसुलीवाला पोरगा जरा वरमतो. कर्ज मात्र फिटत नाही.

मांडवीकाठ
गुरुवार, सकाळी ११.१०

फोंड्याहून. काळाकोट म्हणतात तशी सामाईक मालमत्ता आमच्याकडे गोव्यात आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा, धर्म कोणताही असो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांचं सगळं एकत्र, लग्नाआधीचंसुद्धा, आणि प्रत्येकाचा अर्धा हिस्सा. घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. आयकरातसुद्धा आमच्यासाठी खास तरतूद : पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं दाखवायचं.

आता कर्ज. दोघांनी मिळून किंवा एकमेकांच्या संमतीने काढलेलं, किंवा संसाराच्या फायद्याचं, ते सामाईक मालमत्तेतून फेडायचं. एकाने परस्पर काढून उडवलं तर ते त्याच्या हिश्श्यावर. मग वाद कुठे होतो? 'संसाराच्या फायद्याचं' म्हणजे काय, यावर. नवऱ्याने बारसाठी कर्ज काढलं, बार बुडाला. त्या बारच्या पैशावर पोरांच्या फिया भरल्या होत्या की नाही, इथून वकील सुरू होतात. तेव्हा आमच्याकडे सगळं सोपं आहे असं समजू नका. वाटणी सुटसुटीत, पण त्याने काढलेल्या कर्जाचा अर्धा भार तुमच्या वाट्यावरही येऊ शकतो.

(मुंबई-पुण्याच्या लोकांनी गोव्यात फ्लॅट घेतला म्हणून हा कायदा लागत नाही. तो गोवेकरांना.)

खाडीपलीकडे
गुरुवार, दुपारी १.४५

कॅलिफोर्नियातही साधारण गोव्यासारखंच. लग्नापासून वेगळं होण्याच्या तारखेपर्यंतचं कर्ज सामाईक, कार्ड एकाच्या नावावर असलं तरी. शिक्षणाचं कर्ज मात्र शिकणाऱ्याच्या वाट्याला. म्हणून इथे 'वेगळे कधी झालात' या तारखेवर मारामाऱ्या होतात. आणि कार्ड ज्याने काढलं त्याच्या मागे बँक येतेच, कोर्टाने ते कर्ज दुसऱ्याच्या वाट्याला टाकलं तरी. त्या बाबतीत पुणे काय आणि सान होजे काय.

रानजाई
गुरुवार, रात्री ८.३०

सगळ्यांचे आभार. दागिन्यांबद्दल कुणी सांगेल का? तो म्हणतो, तूच काढून दिलेस, आता भावाचा धंदा सावरला की सोडवू. आज कळलं की गोल्ड लोनचं व्याजही थकलंय.

काळाकोट
गुरुवार, रात्री ९.४०

ताई, हे तुमच्या यादीतलं सगळ्यात तातडीचं. गृहकर्ज वर्षभर रेंगाळेल, पण सोन्याचा लिलाव होऊन गेला की तुमचे दागिने परत यायचे नाहीत.

आईवडिलांनी घातलेलं ते स्त्रीधन, तुमचं एकटीचं. १९८५ च्या प्रतिभा राणी निकालापासून हे पक्कं आहे की नवऱ्याकडे दिलं तरी तो फक्त सांभाळणारा. एप्रिल २०२४ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं : अडचणीत वापरलं असेल तर परत देण्याची जबाबदारी त्याची, आणि तिथे त्या बाईंना २५ लाख रुपये द्यायला लावले. तेव्हा 'तूच काढून दिलेस' यात दम नाही. भावाचा धंदा सावरेपर्यंत थांबायचं कारणही नाही.

पण पावती त्याच्या नावावर, त्यामुळे कंपनीचा कर्जदार तो. कंपनीला आजच लेखी कळवा की हे दागिने माझे आहेत, लिलावाची नोटीस मलाही द्या. लग्नातले फोटो आणि आईबाबांकडची सराफाची बिलं जोडा. मसुद्यात दागिन्यांची वजनासह यादी आणि 'दुसऱ्या मोशनच्या आधी सोडवून परत करावेत' अशी तारीख. तो ऐकत नसेल तर कौटुंबिक न्यायालयात मनाईचा अर्ज, नवरा-बायकोतल्या मालमत्तेचे वाद तिथे चालतात.

कट्टेकरीण
गुरुवार, रात्री ९.५५

अवांतर : नवऱ्याच्या कर्जापायी मंगळसूत्र जप्त होतं का? आमच्या वाड्यात एकदा बेलिफ आला होता तेव्हा आजी पदराखाली झाकून बसली होती म्हणे.

काळाकोट
गुरुवार, रात्री १०.१०

आजींनी झाकायची गरज नव्हती. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आहे. कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. शिवाय नुसतं बायको आहे म्हणून नवऱ्याचं कर्ज तिला लागतच नाही. सही नसेल तर नाही.

गुलबकावली
गुरुवार, रात्री ११.००

अवांतरात भर. आमच्यात मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम) हे नवऱ्याच्या डोक्यावरचं कर्जच मानतात, बायको धनको. निकाहनाम्यात आकडा असतो, पण तो कितीला लिहिलाय हे बऱ्याच जणी तलाक झाल्यावरच बघतात. माझ्या मामेबहिणीचा आकडा तिच्या मोबाइलच्या किमतीपेक्षा कमी निघाला.

रानजाई
(तीन आठवड्यांनी) रविवार, दुपारी ४.२०

अपडेट. माझ्या वकिलांशी बोलले, त्यांनी मसुदा बदलला. सहा महिने माफ करायचा अर्ज मागे ठेवलाय. त्याने बँकेत चौकशी केली, एकट्याच्या पगारावर तेवढं कर्ज बसत नाही आणि भाऊ सहकर्जदार व्हायला तयार नाही (ज्याच्या धंद्याला माझं सोनं गेलं तोच). म्हणून फ्लॅट विकायचा ठरलाय. इंटिरियरचं कर्ज आधी त्या पैशातून मिटवायचं हे त्याने कुरकुरत मान्य केलं. हिशेबनीसांचा तक्ता त्याला तसाच पाठवला होता. दागिन्यांचं अजून काही नाही, कंपनीला पत्र दिलंय.

आता प्रश्न : गिऱ्हाईक मिळेपर्यंत हप्ता माझ्याच खात्यातून जाणार. आणि अ‍ॅड-ऑन कार्डाचं काय?

शाखेतून
रविवार, सायंकाळी ५.३५

कार्ड आजच बंद करा. अ‍ॅड-ऑनवर त्याने काहीही घेतलं तरी बिल मूळ कार्डधारकाचं, म्हणजे तुमचं. अ‍ॅपमधून ब्लॉक करून थांबू नका, ते कार्ड रद्द केल्याचा मेल येऊ द्या. सदस्यत्वाच्या वजावटी (ओटीटी वगैरे) त्यावर लावल्या असतील तर त्याही बघा.

हप्त्यासाठी : त्याचा अर्धा वाटा तुमच्या खात्यात येतो तो यूपीआयने येऊ द्या, शेऱ्यात 'गृहकर्ज निम्मा हप्ता' आणि महिना. जो महिना चुकेल तो विक्रीच्या पैशातून वळता करायचा हे मसुद्यात घाला. व्यवहार ठरला की बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण मिटवायला किती लागतील त्याचं पत्र) मागा, गिऱ्हाइकाची बँक त्या आकड्याचा चेक थेट आम्हाला देईल. कर्ज मिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यावी लागतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आणि एक, हे लोक हमखास विसरतात. कर्ज बंद झाल्यावर तुमच्या खात्यावरचं हप्त्याचं नॅच मँडेट (आपोआप कपातीची परवानगी) रद्द झालं का ते बघा, आणि महिन्या-दीड महिन्याने सिबिल रिपोर्ट काढून खात्यापुढे 'बंद' लिहिलंय ना तेवढं तपासा.

हिशेबनीस
रविवार, सायंकाळी ६.०५

८५ ला नाही गेला आणि ८२ ला गेला तर प्रत्येकी १५ येतील. दलाली त्यातून वजा. खालची किंमत किती हे दोघांनी आधीच लिहून ठेवा, नाहीतर पहिलं गिऱ्हाईक आल्यावर नवं भांडण.